आयर्लंडमधले जळक्या दगडांचे ढिगारे: शिकाऱ्यांच्या चुली?

हे खूप वर्षं फिरतंय: आयर्लंडमध्ये ओढ्याकाठी दिसणारे, घोड्याच्या नालेच्या आकाराचे जळक्या दगडांचे ढीग म्हणजे दंतकथांमधल्या शिकारी योद्ध्यांच्या उघड्यावरच्या चुली.

असं वाटणं साहजिक आहे, कारण १७व्या शतकातल्या एका आयरिश इतिहासग्रंथात असंच वर्णन आहे. पण आधी वय बघा. कोळशाच्या कार्बन डेटिंगवरून यातले बहुतेक ढीग कांस्ययुगातले निघतात, इ.स.पू. १५००च्या मागेपुढे, आणि त्या कथा घडतात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, म्हणजे मधे सतराशेच्या आसपास वर्षं गेली!

मग स्वयंपाक व्हायचा का? होऊ शकतो. १९५०च्या दशकात आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात प्रयोग झाला, लाकडी हौदात तापवलेले दगड टाकून ४५० लिटर पाणी अर्ध्या तासात उकळलं आणि मटण साधारण तीन तास चाळीस मिनिटांत मस्त शिजलं. पण यातून शिजवता येतं एवढंच कळतं, शिजवायचेच असं नाही. बऱ्याच ठिकाणी हाडं फार कमी मिळतात, अर्थात आम्लयुक्त मातीत हाडं विरघळतात, म्हणून तपासायचं तर चुनखडीच्या जमिनीतल्या, जिथे हाडं टिकतात, उत्खननाचे रिपोर्ट आधी बघा. गरम पाणी आंघोळीला, लोकर-कातडं धुवायला, कापड रंगवायलाही लागतंच की, आणि हजारो ढिगांचं काम एकच असेल असं मला तरी वाटत नाही.