मंदीत नागपूर कशावर तगते?

मंदीची झळ नागपूरला उशिरा लागते, असे इतवारीच्या ठोक बाजारात बोलले जाते. त्याचे मूळ मात्र बाजारात कमी आणि कचेऱ्यांत अधिक आहे. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले आणि एक तारखेला ठरलेला पगार घेणारा वर्ग इथे वसला. १८६७ मध्ये रेल्वे आली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापसाचा आधार पगाराइतका पक्का कधीच नव्हता. १९३० च्या सुमारास जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले, तेव्हा कापूस विकून लग्नाचा बस्ता बांधायला येणाऱ्या शेतकऱ्यावर अवलंबून असलेल्या पेठाही थंडावल्या.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजधानीचा दर्जा गेला. तरीही उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि महालेखापाल कार्यालय इथे राहिले, पुढे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचे मुख्यालय आले आणि नागपूर करारामुळे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशनही मिळाले. दर्जा गेला, पगार राहिला.

गिरणीचे तसे झाले नाही. आजारी पडलेली एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. त्या जागेवर आता मॉल उभा आहे. शहर तगले असे म्हणताना गिरणी कामगार आणि हातमागावरचे कोष्टी त्यात धरले जात नाहीत, हे नोंदवायला हवे.

२००८ च्या मंदीत मिहान या विमानतळालगतच्या उद्योग प्रकल्पात येऊ घातलेल्या उद्योगांचे बेत लांबले. नेमक्या त्याच सुमारास सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आली: केंद्रीय कर्मचाऱ्यांना ४० टक्के २००८-०९ मध्ये आणि उरलेली ६० टक्के पुढच्या आर्थिक वर्षात. तो पैसा फ्लॅटच्या बुकिंगला, दुचाकीला आणि सीताबर्डीच्या दुकानांत लागला. हा योगायोगच, पण पगारदारांच्या शहराला तो इतरांपेक्षा जास्त फळला.

याच आधाराची दुसरी बाजू कोरोनाकाळात दिसली. पगार चालू होते, पण २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली. डिसेंबरात आमदारांमागून येणारे कार्यकर्ते, निवेदने घेऊन येणारी शिष्टमंडळे आणि बंदोबस्तावरचे पोलीस आलेच नाहीत; लॉज, खानावळी आणि सावजी भोजनालयांचा तो हंगाम सलग दोन वर्षे कोरडा गेला.