पार्श्वभूमी : एमएक्सएफ फाइल आणि फील्डचा घोळ

बातमीची फाइल कशी हवी, याचा वाहिनीकडून येणारा तांत्रिक तपशील जेमतेम दोन ओळींचा असतो. एमएक्सएफ (प्रसारणासाठी चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारी फाइल) ओपी-वन-ए, एमपेग-२, फोर-टू-टू, ५० मेगाबिट, १०८०आय (१०८० ओळी, इंटरलेस्ड), वरचे फील्ड आधी, आवाज २४ बिट, आठ मोनो ट्रॅक. सोलापुरात बसून आषाढीचे पंढरपूर किंवा संक्रांतीची गड्डा यात्रा मुंबईला पाठवणाऱ्याला यातले बहुतेक सगळे एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅमच्या एकाच कमांडमध्ये बसवता येते. गाडी अडते ती ‘वरचे फील्ड आधी’ या तीन शब्दांपाशी.

इंटरलेसिंग ही १९३० च्या दशकातली तडजोड. सेकंदाला २५ पूर्ण चित्रे दाखवली तर पडदा लुकलुकतो, ५० पाठवायची तर तेवढी बँडविड्थ नाही. म्हणून ५० अर्धी चित्रे, आधी एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या. असे एकेक अर्धे चित्र म्हणजे फील्ड; पहिल्या ओळीपासूनचे ते वरचे, दुसरीपासूनचे ते खालचे. आपल्याकडे ६२५ ओळींची पद्धत आली, १९८२ मध्ये रंग आला, रीत तीच राहिली. कोणता अर्धा भाग आधी, हा प्रश्न टेप होती तोवर जिल्ह्याच्या गावात कुणाला पडला नाही.

डीव्ही या डिजिटल कॅसेटने तो पाडला. १९९० च्या दशकाच्या मध्यात आलेल्या या फॉरमॅटने खालचे फील्ड आधी धरले. पीडी-१५० आणि पीडी-१७० हे कॅमेरे बातमीदारांच्या हातात आले तेव्हाही अडचण नव्हती. कॅसेट रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेली की पुढचे तिकडचा डेक बघून घ्यायचा. फाइल पाठवायची वेळ आली तेव्हा मात्र समोर सर्व्हरवर डी-१० हा फॉरमॅट होता, म्हणजे ७२० बाय ६०८ आणि वरचे फील्ड आधी. अशा वेळी नुसते लेबल बदलून भागत नाही. अख्खे चित्र एका ओळीने सरकवावे लागते, आणि एफएफएमपेगमधला ‘फील्डऑर्डर’ फिल्टर तेच करतो. त्याच्या माहितीपत्रकात पाल, म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीच्या, डीव्हीचा उल्लेख नावानिशी आहे.

एचडी आल्यावर हा घोळ कायमचा मिटवता आला असता. ७२०पी५० हा पर्याय समोर होता. सेकंदाला ५० पूर्ण चित्रे, फील्ड नाहीतच, कॉम्प्रेशनही सोपे. युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेने प्रक्षेपणासाठी तोच सुचवला होता. घराघरांत येऊ घातलेले सपाट पडदे मुळात प्रोग्रेसिव्हच, म्हणजे पूर्ण चित्रे दाखवणारे. विरुद्ध बाजूचा युक्तिवादही अगदीच पोकळ नव्हता. १०८०पी५० ला ३ गिगाबिटची एसडीआय (स्टुडिओतली व्हिडिओ जोडणी) लागते, १०८०आय दीड गिगाबिटच्या केबलीत बसते, आणि स्थिर चित्रात १०८० ओळींचा तपशील दिसतो. पण ‘१०८०’ हा आकडा विकायला सोपा होता, हे कारण बैठकांच्या कागदात सापडणार नाही. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धा एचडीत दिसल्या, आणि आपल्या वाहिन्या १०८०आय वर स्थिरावल्या. त्या तडजोडीची किंमत स्टुडिओने कमी आणि फाइल बनवून पाठवणाऱ्याने जास्त मोजली.

कमांड लाइनवर हे का चुकते, ते नीट उलगडायला हवे, कारण ‘इंटरलेस्ड’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. चित्रात खरोखर दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी आहेत का, ही पहिली. एन्कोडर ते फील्डच्या पद्धतीने दाबतोय का, ही दुसरी; ‘आयएलडीसीटी’ आणि ‘आयएलएमई’ हे दोन फ्लॅग फक्त एवढेच ठरवतात. स्ट्रीममध्ये कोणते फील्ड आधी लिहिले आहे, ही तिसरी. एमएक्सएफच्या हेडरमध्ये काय नोंदले, ही चौथी, आणि ती तिसरीवरून उचलली जाते.

आता मोबाइलवरचे प्रोग्रेसिव्ह चित्रण घ्या. दोन्ही फ्लॅग लावले, ५० मेगाबिट दिले, फाइल बनली. पण आत येणाऱ्या फ्रेमवर ‘वरचे आधी’ अशी खूणच नव्हती, म्हणून एमपेग-२ च्या हेडरमध्ये शून्य गेले, म्हणजे खालचे आधी. चित्राला धक्काही लागलेला नाही, तरी क्यूसी, म्हणजे वाहिनीचा गुणवत्ता तपासणारा, फाइल परत पाठवतो, आणि त्याचे बरोबरच असते. इथे ‘सेटफील्ड’ फिल्टर पुरतो, कारण तो फक्त खूण बदलतो, पिक्सेलला हात लावत नाही. हाच फिल्टर खालचे-आधी असलेल्या डीव्हीवर लावला तर खूण खोटी ठरते. गड्डा यात्रेच्या मिरवणुकीतला नंदीध्वज एक पाऊल पुढे, अर्धे मागे, पुन्हा पुढे असा हलताना दिसतो. ऑफिसातल्या संगणकावर हे कळतही नाही, कारण फ्रेमचा दर तसाच ठेवून डीइंटरलेस करणारा (फील्डपासून पूर्ण चित्र बनवणारा) प्लेअर एकच फील्ड उचलतो किंवा दोन्ही मिसळून टाकतो. ‘बीडब्ल्यूडिफ’ या डीइंटरलेस फिल्टरने दर फील्डची एक अशा ५० फ्रेम काढून एकेक पुढे सरकवली की लगेच उघडे पडते.

५०पी चित्रणाची वाट वेगळी. त्यातून ‘इंटरलेस’ फिल्टरने खरी फील्ड बनवता येतात. त्याचा लो-पास (वर-खाली दिशेतला अति बारीक तपशील मऊ करणारा भाग) बंद करू नये. सोलापुरी चादरीचा जवळून घेतलेला शॉट लो-पासशिवाय करून बघावा : बारीक आडव्या पट्ट्या नुसत्या थरथरतात, कारण एका ओळीची पट्टी एकाच फील्डमध्ये येते. ३० फ्रेमचे चित्रण २५ वर आणताना दर सहावी फ्रेम जाते आणि पॅनमध्ये झटका बसतो. त्यावर नंतर चांगला इलाज नाही. शूटच ५० किंवा २५ वर करावे.

साधने या काळात स्थिर नव्हती. एफएफएमपेग २००० पासूनचे, पण प्रसारणासाठीची नेमकी सेटिंग हवी असणाऱ्यांनी त्याची एफएफएमबीसी ही वेगळी शाखा काढली. तिच्यात एक्सडीकॅम एचडी-४२२, म्हणजे वरच्याच ५० मेगाबिटच्या फॉरमॅटसाठी, एकच ‘टार्गेट’ दिले की काम व्हायचे. ती पुढे थंडावली. २०११ मध्ये मुख्य प्रकल्पच फुटला, आणि उबुंटूच्या काही आवृत्त्यांवर ‘एफएफएमपेग’ टाइप केले की ही कमांड बाद झाली, ‘एव्हीकॉन्व्ह’ (फुटून निघालेल्या गटाची कमांड) वापरा असा संदेश यायचा. प्रत्यक्षात बाद झाली नव्हती. २०१५ मध्ये ती उबुंटूत परतली. मधल्या काळात लिहिलेल्या स्क्रिप्ट आजही फिरतात आणि डोके खातात.

आकाराचे गणित सरळ आहे. चित्राचे ५० आणि आठ ट्रॅक आवाजाचे ९.२ मिळून ५९ मेगाबिटच्या वर, म्हणजे मिनिटाला सुमारे ४४५ मेगाबाइट. १० मेगाबिटच्या अपलोडवर एका मिनिटाच्या बातमीला सहा मिनिटे. आवाज स्टिरिओ ठेवला तर एफएफएमपेग दोन चॅनेलचा एकच ट्रॅक लिहितो आणि सर्व्हर आठ मोनो मागतो, तेव्हा तो आधीच फोडावा. रिकाम्या ट्रॅकमध्ये शांतता भरावी.

जुन्या स्क्रिप्टमध्ये फील्डसाठी ‘टॉप १’ हा पर्याय असायचा. नव्या आवृत्त्यांत तो बाद ठरवून काम ‘सेटफील्ड’कडे दिले आहे. बदल केल्यावर ‘आयडेट’ हा फील्डचा क्रम ओळखणारा फिल्टर लावून फील्ड मोजावीत, पण गर्दीच्या, हलत्या भागावर. माइकसमोर उभ्या वार्ताहराच्या स्थिर शॉटवर त्याचा निकाल धरू नये.