बोर्ड (मुंबई उच्च न्यायालय)

मुंबई उच्च न्यायालयात अमुक दिवशी कोणत्या न्यायमूर्तींपुढे, कोणत्या दालनात आणि कोणत्या क्रमाने कोणती प्रकरणे निघणार, हे सांगणारी रोजची यादी. कागदोपत्री तिला दैनंदिन वादसूची म्हणतात. वकील, कारकून, पक्षकार आणि बातमीदार मात्र ‘बोर्ड’च म्हणतात. महाराष्ट्र, गोवा आणि दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशासाठी हे सर्वांत वरचे न्यायालय. ‘आमची केस हायकोर्टात आहे’ असे सांगणाऱ्याला जाणकार पहिला प्रश्न विचारतो तो ‘बोर्डावर आहे का?’ हाच. आणि बोर्डावर असली तरी त्या दिवशी ती ऐकली जाईलच असे नाही. उच्च न्यायालयातली निम्मी वकिली या अनिश्चिततेशी झुंजण्यात जाते.

दोन शाखा, अनेक बोर्डे

हे न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. त्याआधी मुंबई शहरासाठी सुप्रीम कोर्ट आणि बाकी इलाख्यासाठी सदर अदालत अशी वेगवेगळी न्यायालये होती. ती एकत्र आली, पण जुनी वाटणी पुरती पुसली गेली नाही. आजही कामकाजाच्या मूळ शाखा आणि अपील शाखा अशा दोन शाखा आहेत आणि त्यांच्या नियमावल्याही स्वतंत्र आहेत: अपील शाखेची १९६० ची, मूळ शाखेची १९८० ची. मुंबईतले मोठे दिवाणी दावे, मृत्युपत्रांची प्रकरणे, लवाद, जहाजांचे खटले मूळ शाखेत येतात. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली अपिले, बहुतेक रिट याचिका (सरकारी यंत्रणेच्या निर्णयाला थेट उच्च न्यायालयात दिलेली आव्हाने) आणि फौजदारी प्रकरणे अपील शाखेत. मूळ शाखेच्या कार्यालयाचा प्रमुख आजही ‘प्रोथोनोटरी अँड सीनियर मास्टर’ या भारदस्त नावाने मिरवतो. पहिल्यांदा आलेल्या पक्षकाराला ते नाव उच्चारायलाच पहिली तारीख लागते.

मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथे खंडपीठे आहेत, आणि प्रत्येकाचे बोर्ड वेगळे निघते. त्यांत १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या फिरत्या पीठाची भर पडली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतली प्रकरणे आता तिथल्या बोर्डावर येतात. याचे मोल सावंतवाडीच्या शेतकऱ्याला विचारावे. रात्रीची कोकणकन्या धरून पहाटे मुंबईत उतरायचे, दिवसभर दालनाबाहेरच्या बाकावर बसायचे आणि संध्याकाळी ‘आज बोर्ड तिथपर्यंत गेलेच नाही’ हे ऐकून परतीची गाडी पकडायची, असा हा दिवस असे. कोल्हापुरातल्या पीठासाठी वकिलांनी कित्येक वर्षे आंदोलने केली, त्यांतला मोठा मुद्दा हाच होता.

बोर्डावर येईपर्यंत

याचिका दाखल झाली की लगेच तिला पक्का क्रमांक मिळत नाही. अपील शाखेत आधी स्टॅम्प नंबर, मूळ शाखेत लॉजिंग नंबर. बोर्डावर क्रमांकासोबत ‘एसटी’ किंवा ‘एल’ ही अक्षरे दिसली की समजावे, प्रकरण अजून कच्चे आहे. मग कार्यालय आक्षेप काढते: पानांना क्रमांक नाहीत, कोर्ट फी कमी आहे, मुदत उलटून गेली आहे आणि विलंब माफीचा अर्ज नाही, जोडलेली प्रत वाचता येत नाही. मूळ शाखेत मराठी कागदाचे अधिकृत भाषांतरही लागते. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी असल्याने, गावच्या तलाठ्याने चार ओळींत लिहिलेला फेरफार इथे भाषांतराच्या रांगेत उभा राहतो. आक्षेप मुदतीत दूर केले नाहीत तर प्रकरण नोंदणीआधीच फेटाळले जाते, आणि मग ते जिवंत करायला वेगळा अर्ज. गुणदोषांवर एक शब्दही न बोलला जाता गारद होणारी प्रकरणे थोडी नाहीत.

आक्षेप निघाले, पक्का क्रमांक पडला, की प्रकरण ज्या पीठाकडे त्या प्रकारचे काम आहे तिथे जाते. काही प्रकरणे एकल न्यायमूर्तींकडे, काही दोन न्यायमूर्तींच्या पीठाकडे. फाशीची शिक्षा कायम करण्यासाठी आलेले प्रकरण दोघांपुढेच जावे लागते.

तातडी असेल तर मेन्शनिंग. वकील प्रिसाइप, म्हणजे तातडीचे कारण सांगणारा छोटा विनंतीपत्रवजा कागद, देतो आणि सकाळी बोर्ड सुरू होण्यापूर्वी न्यायमूर्तींपुढे उभा राहून तारीख मागतो. उद्या सकाळी घर पाडायला पालिकेची माणसे येणार आहेत, परवा परीक्षा आहे आणि प्रवेशपत्र अडवले आहे, अशी कारणे चालतात. ‘माझे अशील फार अस्वस्थ आहेत’ हे चालत नाही. फारच निकडीचे असेल तर त्याच दिवशी सुनावणी होते. मग आदेशाची पहिली ओळ ठरलेली असते: बोर्डावर नाही, मेन्शन केल्यावरून बोर्डावर घेतले. जुने आदेश चाळताना ही ओळ दिसली की त्या दिवशी कुणाची तरी किती धावपळ झाली असेल याचा अंदाज येतो.

बोर्ड वाचणे

आदल्या संध्याकाळी बोर्ड संकेतस्थळावर पडते. पुरवणी बोर्ड त्यानंतर, कधी बरेच उशिरा. प्रत्येक ओळीत अनुक्रमांक, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, वर्ष, पक्षकार आणि दोन्ही बाजूंचे वकील. प्रकार आद्याक्षरांत असतो: डब्ल्यूपी म्हणजे रिट याचिका, एफए प्रथम अपील, एसए द्वितीय अपील, बीए जामीन अर्ज, एबीए अटकपूर्व जामीन, आयए अंतरिम अर्ज, आणि पीआयएल तर आता वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पीडितेचे नाव छापत नाहीत, तिथे नुसती अक्षरे येतात.

त्याहून महत्त्वाचे असते ते प्रकरण कोणत्या मथळ्याखाली आहे हे. ‘फॉर ॲडमिशन’ म्हणजे दाखल करून घ्यायचे की दारातच परत पाठवायचे एवढाच प्रश्न. याचिकेत दम आहे असे वाटले तर न्यायालय ‘रूल’ काढते, म्हणजे समोरच्याने कारण दाखवावे. नवख्या पक्षकाराला रूल निघाला की जिंकल्यासारखे वाटते, आणि वकीलही लगेच त्याचा गैरसमज दूर करायला जात नाही. खरे तर रूल निघालेले प्रकरण ‘फायनल हिअरिंग’च्या रांगेत जाते, आणि ती रांग वर्षानुवर्षांची असते. म्हणून रूलसोबत स्थगिती मिळाली की नाही, यावर व्यवहारात सगळे अवलंबून. स्थगिती मिळाली तर याचिकाकर्त्याला अंतिम सुनावणीची घाई उरत नाही. न मिळाली तर शेवटच्या निकालाला अर्थ उरेल का याचीच शंका. याला एक सुखद पर्याय आहे. मुद्दा छोटा असेल आणि दोन्ही बाजू राजी असतील तर रूल त्याच क्षणी परतीचा करून, म्हणजे समोरच्याच्या उत्तरासाठी पुढची तारीख न देता, प्रकरण तिथल्या तिथे निकाली काढतात.

‘पार्ट हर्ड’ म्हणजे अर्धवट ऐकलेले प्रकरण. ते शक्यतो त्याच न्यायमूर्तींकडे राहते, काम बदलले तरी. ‘स्पीकिंग टू द मिनिट्स’ ही खास मुंबईची पद्धत आहे: आदेशात टंकनाची चूक राहिली, नाव चुकले, तारीख चुकली, तर ती दुरुस्त करण्यापुरते प्रकरण पुन्हा बोर्डावर येते. यात नवा युक्तिवाद घुसवण्याचा मोह वकिलांना होतो आणि न्यायमूर्ती तो बहुधा ओळखतात.

दालनातला दिवस

कामकाज साधारण साडेदहाला सुरू होते, दीड ते अडीच जेवणाची सुट्टी, आणि साडेचारला संपते. म्हणजे पाच तास. बोर्डावर शंभर प्रकरणे असतील तर वाट्याला तीन मिनिटे येतात, आणि शंभराचे बोर्ड काही अपवादात्मक नाही. अर्थात तीन-तीन मिनिटांची वाटणी कधीच होत नाही. चोपदारामागून न्यायमूर्ती येतात, पुकारा सुरू होतो. पहिली काही प्रकरणे झटपट जातात: याला दोन आठवडे, त्याला चार आठवडे, सरकारी वकिलांना सूचना घ्यायच्या आहेत. मग एखादे प्रकरण अडते आणि तास जातो.

दालनाबाहेर आणि मोबाइलवर चालू क्रमांक दिसत असतो. तो बघत बसणे हे ज्युनिअरचे काम. सीनियर एकाच वेळी तीन दालनांत असू शकत नाहीत, पण त्यांची प्रकरणे असतात. मग ज्युनिअर उभा राहून ‘कीप बॅक’ मागतो, म्हणजे थोड्या वेळाने घ्यावे. कधी मिळते, कधी न्यायमूर्ती म्हणतात, तुम्हीच चालवा. कित्येक नामवंत वकिलांची पहिली खरी सुनावणी अशीच, सीनियर दुसऱ्या मजल्यावर अडकल्यामुळे झालेली असते.

सगळ्यात भीती असते ती बोर्ड कोसळण्याची. पंचेचाळीस क्रमांकाचा वकील निवांत चहा घेत असतो, कारण सतराव्याला मोठा युक्तिवाद होणार हे सगळ्यांना माहीत असते. सतराव्याला तारीख पडते, अठरा ते तीस कुणीच तयार नसते, आणि दहा मिनिटांत पंचेचाळीसचा पुकारा होतो. हजर कुणी नाही म्हणून प्रकरण काढून टाकले की ते पुन्हा उभे करायला अर्ज, शपथपत्र आणि अशिलाची समजूत, तिन्ही लागते. उलट बाजूने, चारच्या सुमाराला न्यायमूर्ती उरलेले बोर्ड ‘डिस्चार्ज’ करतात: आता पुढची प्रकरणे पोहोचणार नाहीत, जाऊ शकता. दालन क्षणात रिकामे होते. त्या गर्दीत गावाहून आलेला पक्षकार आपल्या वकिलाच्या काळ्या गाऊनमागे धावत ‘पुढची तारीख कोणती’ विचारताना दिसतो. तारीख बहुधा संकेतस्थळावरच कळते.

युक्तिवादाला वेळ किती?

कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात साधारणपणे प्रत्येक बाजूला अर्धा तास मिळतो, आणि तिथल्या एका दिवसाच्या यादीत मोजकीच प्रकरणे असतात. भारतात अशी घट्ट मर्यादा नाही. लेखी टिपणे मागवली जातात, वेळ आखूनही दिला जातो, पण तोंडी युक्तिवादाचा जोर कायम आहे. मुंबईला तर या बाबतीत मोठी परंपरा आहे. १९०८ च्या जुलैत याच इमारतीच्या मध्यवर्ती दालनात, आजच्या ४६ क्रमांकाच्या, लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला न्या. दावर यांच्यापुढे चालला. टिळकांनी स्वतःच बचाव केला आणि त्यांचे भाषण अनेक दिवस मिळून सुमारे २१ तास चालले. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले, सहा वर्षांची शिक्षा झाली. दालनाबाहेर १९५६ मध्ये स्मृतिफलक बसवला गेला. तो सत्र खटला होता, अपील नव्हे. तरीही त्या दालनाशेजारून जाताना आजच्या तीन मिनिटांच्या युक्तिवादाची आठवण न होणे अवघड आहे.

बोर्ड संपवण्याच्या हट्टाचे टोकाचे उदाहरण मे २०१८ मधले. उन्हाळी सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी न्या. शाहरुख काथावाला यांनी पहाटे साडेतीनपर्यंत बसून शंभराहून अधिक प्रकरणे ऐकली. याचे कौतुक झाले, ते रास्तच होते. पण पहाटे तीनला उभ्या असलेल्या वकिलाचा युक्तिवाद आणि तो लिहून घेणाऱ्या लघुलेखकाचा हात कितपत ताजा असेल, हाही प्रश्न आहेच. एका न्यायमूर्तींच्या जागरणाने रांग आखडत नाही. मुंबई उच्च न्यायालयात ९४ न्यायमूर्तींची पदे मंजूर आहेत आणि ती सगळी भरलेली असणे ही दुर्मीळ घटना आहे.

बोर्ड कोण ठरवतो

कोणते काम कोणत्या पीठाकडे, हे ठरवण्याचा अधिकार मुख्य न्यायमूर्तींचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केले. नुसता कारभाराचा वाटणारा हा अधिकार किती नाजूक आहे, ते ऑगस्ट २०१७ मध्ये दिसले. ध्वनिप्रदूषणाच्या याचिका न्या. अभय ओक यांच्या पीठापुढे होत्या. गणेशोत्सवाच्या दिवसांत राज्य सरकारने त्यांच्यावर पक्षपाताचा आक्षेप घेतला आणि मुख्य न्यायमूर्ती मंजुळा चेल्लूर यांनी त्या याचिका दुसऱ्या पीठाकडे वळवल्या. वकील संघटनांनी कडाडून विरोध केला. काही दिवसांतच तो निर्णय फिरवून ओक यांचा समावेश असलेले तीन न्यायमूर्तींचे पीठ नेमले गेले, आणि सरकारनेही माफी मागितली. पुढच्याच जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेतली तीही प्रकरणांच्या वाटपावरूनच.

खुले दालन

बोर्ड जाहीर असते याचा अर्थ सुनावणी कुणालाही पाहता येते. या तत्त्वाची महत्त्वाची कसोटीही मुंबईतच लागली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यात न्या. तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश दिला. वार्ताहर नरेश मिरजकर यांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खुली सुनावणी हाच नियम असल्याचे सांगितले, पण न्यायासाठी गरज पडल्यास अपवाद करता येतो असेही बहुमताने ठरवले. मिरजकर हरले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने थेट प्रक्षेपणाची वाट मोकळी झाली, २०२० च्या टाळेबंदीने पडद्यावरच्या सुनावणीची सवय लावली, आणि जुलै २०२५ पासून मुंबईतल्या काही पीठांचे कामकाज घरबसल्या पाहता येऊ लागले. कौटुंबिक वाद आणि लैंगिक गुन्ह्यांसारखी प्रकरणे मात्र बंद दालनात किंवा न्यायमूर्तींच्या चेंबरमध्ये घेता येतात.