क्रुगरच्या रस्त्यावरचा तितर: फ्रँकोलिन की स्परफाउल?

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात पहाटे गाडी काढली की सिंहाआधी भेटतो तो धुळीत पाय ओढत चालणारा, कोंबडीएवढा तपकिरी पक्षी. जुन्या पुस्तकात त्याचं नाव स्वेन्सन्स फ्रँकोलिन, नव्यात स्वेन्सन्स स्परफाउल. पक्षी तोच. पूर्वी अशा चाळीसएक जातींचे पक्षी 'फ्रँकोलिनस' या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) कोंबलेले होते. डीएनए तपासल्यावर कळलं की स्परफाउल लाव्यांच्या जवळचे, तर फ्रँकोलिन रानकोंबड्यांच्या. आफ्रिकान्स ही तिथली डचमधून आलेली भाषा बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी मात्र आधीपासूनच दोन शब्द ठेवले होते: फ्रँकोलिनला 'पात्रेस', स्परफाउलला 'फिसांट'. शेतकऱ्याची नजर म्हणतात ती ही.

ओळखायचं कसं? आधी पाठ बघा. फ्रँकोलिनच्या पाठीवर पिसांच्या दांड्यांच्या फिकट रेघा उठून दिसतात, अगदी लाव्यासारख्या. स्परफाउलची पाठ गडद असते. तो अंगानंही बहुधा थोराड असतो. स्वेन्सन्सचा चेहरा आणि गळा पिसांविना लालभडक, पाय काळपट. मग लाल पाय म्हणजे स्परफाउल नव्हे, असं समजायचं का? तिथंच फसगत होते. नेटाल स्परफाउलचे पाय नारिंगी-लाल आणि क्रेस्टेड फ्रँकोलिनचेही लालच. पायांवर जाऊ नका. क्रेस्टेडची ठळक पांढरी भुवई आणि कोंबडीसारखी उभी धरलेली शेपटी बघा; नेटालची चोच नारिंगी, त्याला अशी भुवई नाही. नावातल्या 'स्पर'चा, म्हणजे पायामागच्या काट्याचाही उपयोग नाही, कारण तो फ्रँकोलिनच्या नरालाही असतो.

माझा भरवसा कानावर. स्वेन्सन्सचा नर सकाळ-संध्याकाळ वारुळावर किंवा ओंडक्यावर चढून घसा खरवडल्यासारखा ओरडतो, आणि ओरड हळूहळू विरत जाते. क्रेस्टेडची जोडी मिळून एक किणकिणता ठेका धरते. इंग्रजी बोलणाऱ्यांना त्यात 'बीअर अँड कोनॅक' ऐकू येतं! आपल्याकडच्या माळावरच्या 'कतितर-कतितर'शी या ठेक्याचं नातं जाणवतं, आणि ते खरंच आहे: महाराष्ट्रातला साधा तितर आणि हा क्रेस्टेड आता 'ऑर्टीगॉर्निस' या एकाच प्रजातीत आहेत. फ्रँकोलिन आणि स्परफाउलच्या खाण्यात मात्र फारसा फरक नाही. बिया, कंद, वाळवी; हत्तीची लीद उकरायलाही दोघे तयार.

आता शेवटचा घोळ. सह्याद्रीतल्या चकोत्रीला इंग्रजीत रेड स्परफाउल म्हणतात. तिचा आफ्रिकन स्परफाउलशी जवळचा संबंध नाही, फक्त नाव सारखं. म्हणजे क्रुगरमध्ये आपल्या ओळखीचं कोणी शोधायचं असेल तर चकोत्रीच्या नावापुरत्या भावाकडे, म्हणजे स्परफाउलकडे न जाता त्या उभ्या शेपटीच्या पांढऱ्या भुवईवाल्याकडे दुर्बीण वळवा.