नव्या घराची चावी घेण्याआधी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नव्या फ्लॅटची चावी हातात पडायच्या बेतात आहे, किंवा नुकतीच पडली आहे, अशा ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात ताबा घेण्याआधी फ्लॅट तपासून देणं आणि नंतरची प्लंबिंग-वायरिंगची किरकोळ कामं करून देणं, हा आमचा व्यवसाय. पण आम्हाला येणारे बरेचसे फोन चावी घेऊन झाल्यानंतरचे असतात. जुन्या घराचा करार संपलेला असतो, सामान टेम्पोत चढलेलं असतं, जूनमध्ये मुलांची शाळा सुरू होणार असते. आणि नव्या घरी पोचल्यावर कळतं की पाणी टँकरचं आहे, वीज बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवरची आहे, लिफ्ट फक्त मजुरांसाठी चालू आहे आणि बाथरूमच्या दाराला कडीच बसवलेली नाही. भाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही भरून मेटाकुटीला आलेला माणूस अशा वेळी समोर येईल त्या कागदावर सही करतो. त्या सहीआधी आम्हाला बोलवा. नाही बोलवलंत तरी निदान हे वाचून स्वतः तपासा.

आधी कागद, मग फरशी

घर तयार आहे की नाही, हे रंगावरून किंवा बिल्डरने दिलेल्या तारखेवरून ठरत नाही. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला ओसी म्हणतात ते, मिळालं आहे का, हा पहिला प्रश्न. महाराष्ट्रात १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीविषयीच्या कायद्यापासूनच हा नियम आहे : दाखला मिळाल्याशिवाय बिल्डरने ताबा द्यायचा नाही आणि ग्राहकानेही घ्यायचा नाही. २०१६ च्या रेरा, म्हणजे बिल्डर-ग्राहक व्यवहारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याने तो मिळवण्याची जबाबदारी स्पष्टपणे बिल्डरवर टाकली आहे. “ओसी आलीच आहे, फक्त सही राहिलीय” यावर विसंबू नका, प्रत मागा. प्रत मिळाली की त्यात कोणती इमारत, कोणती विंग आणि कितव्या मजल्यापर्यंत असं लिहिलं आहे ते वाचा. मोठ्या प्रकल्पांत दाखला टप्प्याटप्प्याने मिळतो. ‘ए’ विंगचा दाखला दाखवून ‘सी’ विंगच्या चाव्या वाटल्याचं आम्ही पाहिलं आहे. प्रकल्पाची माहिती महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते, ती तिथेही पडताळून घ्या.

आता त्या ‘फर्निचरसाठी चावी’बद्दल. दाखला यायला वेळ आहे, तोवर सुतारकाम उरकून घ्या, असं सांगून चावी दिली जाते. हेतू चांगलाही असू शकतो. पण पुढे काय होतं, ते आम्ही वारंवार पाहतो. सुतारकाम संपतं, पाडवा किंवा दसरा जवळ येतो, वास्तुशांत होते, आणि मग एवढं सजवलेलं घर सोडून भाड्याच्या घरात कशाला राहायचं म्हणून कुटुंब राहायला येतं. एकदा तुम्ही राहायला आलात की बाकीची कामं करून देण्याची घाई फक्त तुम्हाला उरते. फर्निचरसाठी चावी घेणार असाल तर ती त्याच कामापुरती आहे, हा ताबा नाही, असं ईमेलवर लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता हातचा सोडू नका. महाराष्ट्रातल्या नमुना करारनाम्यात ताब्याच्या वेळी, भोगवटा प्रमाणपत्र आल्यानंतर द्यायची रक्कम ५ टक्के राखून ठेवलेली असते. तुमच्या करारनाम्यातली हप्त्यांची अनुसूची काढून बघा. काम करून घेण्यासाठी तुमच्या हातात उरलेलं खरं साधन तेच आहे.

पाणी ओतून बघा

फ्लॅट बघायला जाताना लोक मोबाइलवर फोटो काढतात, पण बादली नेत नाहीत. आमच्या सामानात बादली पहिली असते.

बाथरूमच्या जाळीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात दोन बादल्या पाणी ओता आणि थांबा. पाणी आपणहून जाळीकडे वळलं पाहिजे. कमोडच्या मागे, वॉशिंग मशीनच्या पॉइंटखाली किंवा दाराजवळ डबकं राहिलं तर फरशीचा ढाळ चुकला आहे. हिंजवडीजवळच्या एका घरात आम्ही असंच पाणी ओतलं. बाथरूम दिसायला झकास, टाइल्स महागाच्या. पण पाणी जाळीकडे न जाता दारावरून सरळ बेडरूमच्या स्कर्टिंगपर्यंत गेलं. साइटवरच्या इंजिनिअरने पायपुसणं टाकायला सांगितलं. घरमालकीणबाई मात्र हटल्या नाहीत. ढाळ सुधारल्याशिवाय सही करणार नाही, असं त्यांनी लेखी कळवलं आणि फरशी उखडून नव्याने झाली. राहायला गेल्यावर हेच काम निघालं असतं तर घरातलं एक बाथरूम बरेच दिवस बंद ठेवून, धुळीत राहून करावं लागलं असतं.

फरशी उखडली की खालचं वॉटरप्रूफिंगही दुखावतं, हे लक्षात ठेवा. म्हणून दुरुस्तीनंतर पाणी साठवून चाचणी घ्यायला लावा : जाळी बंद करून फरशीवर इंच-दोन इंच पाणी ४८ तास ठेवायचं आणि खालच्या मजल्यावरचं छत तपासायचं. हे केल्याशिवाय नवी फरशी स्वीकारू नका. गळती निघाली तर खालच्या शेजाऱ्यांशी पहिली ओळखच भांडणाने होते.

जाळी उचलून आत टॉर्च मारा. टाइल्स बसवणारे कारागीर ग्राउटच्या आणि पुट्टीच्या बादल्या बहुतेक वेळा तिथेच धुतात. ते सिमेंट जाळीखालच्या भांड्याच्या, म्हणजे नहाणी ट्रॅपच्या, तळाशी घट्ट बसतं. सुरुवातीला पाणी जातं, त्यामुळे शंका येत नाही. मग साबण आणि केस त्यावर अडकायला लागतात आणि काही आठवड्यांत बाथरूम तुंबतं. तेव्हा “तुम्ही वापरलं, तुम्हीच तुंबवलं” असं उत्तर मिळतं. ताब्याआधीचा ट्रॅपचा एक फोटो हा वाद मिटवतो. ड्राय बाल्कनीतल्या जाळीचाही फोटो घ्या, तिच्याकडे कुणी बघतच नाही.

टाइल्सवर नाण्याने हलके ठोकत चला. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक लगेच कळतो. पोकळ आवाज म्हणजे खाली माल नीट भरलेला नाही. कोपऱ्यात थोडासा असेल तर सोडून द्या, पण जिथे कपाट किंवा फ्रिज येणार तिथली टाइल पोकळ असेल तर ती पुढे तडकते.

वीज

इथे थोडक्यात सांगतो, कारण हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचं आहे. मुख्य बोर्डावरच्या आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर खटका पडलाच पाहिजे. पडला नाही तर त्या घरात गीझर लावू नका. प्रत्येक सॉकेटला अर्थिंग खरोखर आलं आहे का, ते मोजून घ्या. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे मागे तार आहेच, असं नाही. आणि महावितरणचं मीटर तुमच्या नावावर लागेपर्यंत बांधकामाच्या जोडणीवर फ्रिज, एसी चालवू नका. तिथे दाब कमीजास्त होतो आणि नुकसान भरून कोण देणार, हा वाद संपत नाही.

भिंती आणि पहिला पाऊस

घाईने दिलेल्या घरात सगळ्यात आधी बोलतात त्या भिंती. प्लास्टरमधलं पाणी सुकायला वेळ लागतो. ताब्याची तारीख गाठायची म्हणून ओलसर भिंतीवर पुट्टी आणि रंग मारला की तो फुगतो, पापुद्रे निघतात, कधी पांढरा लोणा येतो. अशा भिंतीवर पुन्हा रंगाचा हात मारून घेऊ नका. आधी ओल कुठून येते ते शोधायला लावा, भिंत सुकू द्या, मग रंग. बाहेरच्या भिंतीला लागून कपाटं करायची असतील तर पहिला पावसाळा जाऊ द्या, किंवा निदान मागे मोकळी जागा सोडा.

भेगांमुळे लोक फार घाबरतात. कॉलम आणि ब्लॉकची भिंत जिथे मिळते तिथली केसासारखी सरळ भेग बहुतेक वेळा दोन वेगळे माल सुकताना पडलेली असते आणि भरून घेता येते. तिरकी जाणारी, रुंदावत जाणारी, किंवा खुद्द बीम-कॉलमवर पडलेली भेग मात्र वेगळी. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या. ते आम्ही देत नाही, आणि रंगाऱ्याचं ऐकू नका.

स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीत तांब्याभर पाणी ओता. ते बाहेरच्या बाजूच्या भोकांतून निघून गेलं पाहिजे. भोकं सिलिकॉनने किंवा सिमेंटने बुजलेली असतील तर पहिल्या जोराच्या सरीला पाणी घरात येतं. काम पाच मिनिटांचं, पण पावसाळ्यात ते करायला माणूस मिळत नाही.

सही करताना

ताबापत्रात बहुधा असं वाक्य छापलेलं असतं : “मी सदनिका पूर्ण तपासली असून माझी कोणतीही तक्रार नाही.” ते खोडायला लावा. त्याऐवजी “सोबतच्या यादीतील कामे बाकी असताना ताबा घेतला” असं लिहा, यादीवर दोघांच्या सह्या आणि तारीख घ्या, फोटोंसह तीच यादी ईमेलने पाठवा. फोनवरच्या “करून देतो”ची नोंद कुठेच राहत नाही.

हा आडमुठेपणा नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला किंवा सोयींमधला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. म्हणून ताब्याची तारीख सिद्ध करणारा कागद जपून ठेवा. आणि मधल्या काळात स्वतः भिंती फोडू नका, बाथरूम बदलू नका. दोष तुमच्या तोडफोडीमुळे आला, असं म्हणायला मग जागा मिळते. बदल करायचाच असेल तर आधीचे फोटो आणि लेखी परवानगी हवी.

“लवकर ताबा घ्या, नाहीतर मेंटेनन्स सुरू होईल” असं पत्र आलं तर ते बाजूला ठेवून देऊ नका. रेरा कायदा ताबा घ्यायला भोगवटा प्रमाणपत्रापासून २ महिन्यांची मुदत देतो, पण बऱ्याच करारनाम्यांत पत्र मिळाल्यापासून १५ दिवस लिहिलेले असतात. लगेच उत्तर द्या आणि काय अपुरं आहे ते यादीसकट कळवा. आणि करारातली ताब्याची तारीखच उलटून गेली असेल, तर कलम १८ प्रमाणे पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याच्या विलंबाचं व्याज मागता येतं. महारेराचा सलोखा मंचही आहे, तिथे दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड होते. तक्रार कशी करायची, हे मात्र वकिलाला विचारा. आम्ही फक्त तपासणी अहवाल देतो.

मुहूर्त आणि मुक्काम

मुहूर्त चुकू नये, ही भावना आम्हाला पूर्ण मान्य आहे. पण मुहूर्तावर पूजा करा, दूध उतू घालवा, देव ठेवा, आणि राहायला नंतर या. असं करणारी पुष्कळ कुटुंबं आहेत आणि त्यात काही अशुभ नाही. जुन्या घरमालकांशी आधीच बोलून करार दर महिन्याला वाढवण्याची सोय करून ठेवा. एक-दोन महिन्यांचं जादा भाडं टोचतं, पण अपुऱ्या घरात म्हातारे आई-वडील आणि लहान मूल घेऊन काढलेले दिवस जास्त महागात पडतात.

जावंच लागलं, तर एक बाथरूम आणि स्वयंपाकघर एवढं आधी पूर्ण करून घ्या. बाकी खोल्या बंद ठेवा. टँकरचं पाणी पिण्यासाठी वापरू नका. कामगार घरात येतील तेव्हा घरातलं कुणीतरी हजर असू द्या आणि काम संपल्यावर जाळ्या पुन्हा तपासा.

आम्हाला बोलवताना

तपासणी दिवसाउजेडी करतो, म्हणून सकाळची वेळ मागा. साइट ऑफिसला आदल्या दिवशी लेखी कळवून ठेवा, म्हणजे गेटवर अडवाअडवी होत नाही. करारनाम्यात सोयीसुविधांची यादी असते तिची प्रत सोबत ठेवा, कारण नळ कोणत्या कंपनीचा, दार कसलं, हे आम्ही तिच्याशीच ताडून बघतो. शुल्क खोल्यांवर ठरतं आणि ते फोनवरच सांगतो. बिल्डरकडून आम्ही काम किंवा पैसे घेत नाही. फ्लॅटमध्ये पाणी आणि वीज चालू असल्याशिवाय अर्धी तपासणी होतच नाही. त्या दिवशी टाकी रिकामी आहे असं कळलं, तर सकाळी फोन करून दिवस बदलून घ्या. त्याचे पैसे लागत नाहीत.