वणवा लावला की तेंदूला पानं चांगली फुटतात?

मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत गावोगावी हे ऐकत वनरक्षकाची नोकरी केली. समज खोटा आहे.

जळलेल्या झुडपाला मुळापासून धुमारे फुटतात, ते खरं. पण ते आगीमुळे नव्हे, तर वरचा भाग गेला म्हणून. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई केली, म्हणजे झुडूप जमिनीलगत छाटलं, की तीच कोवळी पानं साधारण दीड महिन्यात तोडणीला येतात. आग मात्र सोबत मोहाची, सागाची रोपंही नेते. जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांची अंडीही.

गाविलगडच्या उतारांवर तर आग खालून वर धावते, कारण ज्वाळा वरचा पाचोळा आधीच तापवून ठेवतात. आम्ही जाळरेषा काढतो, म्हणजे आग अडावी म्हणून पट्टा साफ करतो, हिरव्या फांद्यांनी झोडपतो, रात्र रात्र. वरून वारा फिरला की जीवावर बेततं. मग पावसाळ्यात उघडी पडलेली माती नाल्यात जाते.

मोहफुलं वेचायची आहेत? झाडाखालचा पाचोळा झाडून काढा, पेटवू नका. मोहाचंच नवं रोप त्यात जळतं, बाबांनो!