एका अमिनो आम्लाचा फरक ओळखणारं प्रतिपिंड

आयडीएच-१ हे विकर ४१४ अमिनो आम्लांच्या साखळीचं असतं. आयसोसायट्रेटपासून अल्फा-किटोग्लुटारेट बनवणं हे त्याचं नेहमीचं काम. मेंदूतल्या ग्लायोमा प्रकारच्या काही गाठींमध्ये मात्र साखळीत १३२व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येतं. मग हेच विकर २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचं भलतंच रसायन बनवू लागतं. ते पेशीत साठतं आणि कोणती जनुकं चालू राहायची, कोणती बंद, यात ढवळाढवळ करतं.

ग्लायोमामधला हा बदल २००८मध्ये उजेडात आला. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी उंदरांच्या पेशींपासून 'एच०९' हे प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक लक्ष्याला चिकटणारं प्रथिन) तयार केल्याचं जाहीर केलं. ते बदललेल्या विकराला चिकटतं, मूळ विकराला नाही. इतक्या लांब साखळीतला एकच दुवा बदललेला, आणि तो नेमका ओळखू येतो! मला याचं अजूनही नवल वाटतं.

तपासणीसाठी शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमधून मेणाच्या ब्लॉकमध्ये जातो. मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. फॉर्मॅलिनने प्रथिनं जखडली जातात, म्हणून काप आधी बफरमध्ये तापवावे लागतात. ही पायरी बिघडली तर पुढचं सगळं फुकट. मग प्रतिपिंड, त्यावर रंग उमटवणारं दुसरं प्रतिपिंड. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या केंद्रकांभोवती तपकिरी रंग भरलेल्या पेशी दिसतात.

खरा कस लागतो गाठीच्या काठावर. तिथे पेशी विरळ असतात, आणि इजेमुळे वाढलेल्या आधारपेशीही गाठीच्या पेशींसारख्याच दिसू शकतात. निरोगी मेंदूत शिरलेली एकेक पेशी अशा ठिकाणी तपकिरी होऊन वेगळी उठून दिसते. पूर्वी अनुभवी पॅथॉलॉजिस्टही जिथे अडखळत, तिथे आता निदान करता येतं.

पण रंग आला नाही म्हणजे बदल नाहीच, असं नव्हे. ग्लायोमामधले आयडीएच-१चे सुमारे ९० टक्के बदल या प्रकारचे असतात. उरलेल्यांत १३२व्या जागी दुसरंच अमिनो आम्ल येतं. काही गाठींत तर बदल आयडीएच-२ या त्याच्यासारख्याच दुसऱ्या विकरात असतो. ते या प्रतिपिंडाला दिसत नाहीत. त्यामुळे विशेषतः पंचावन्नच्या आतल्या रुग्णाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर जनुकीय तपासणी करायलाच हवी. २०२४मध्ये अमेरिकेत व्होरासिडेनिब हे औषध मंजूर झालं. ते आयडीएच-१ आणि आयडीएच-२ या दोन्हींच्या बदललेल्या रूपांना रोखतं. म्हणजे प्रतिपिंडातून निसटलेल्या रुग्णांपैकीही काहींना त्याचा उपयोग होऊ शकतो.